बार्बाजानीचा बाप

शर्यतीत खरं नाव लावायचं नाही, ही आमच्याकडे रीतच होती. डॉक्टर पेशंटांना कळू नये म्हणून दुसरं नाव घ्यायचा, वकील न्यायाधीशांना कळू नये म्हणून, आणि बाकीचे सगळे घरी कळू नये म्हणून. कोणी 'वादळ' व्हायचा, कोणी 'कोल्हा'. नाव नोंदवून घेणाऱ्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. माझ्या धाकट्या भावानं, लेआर्कोनं, बार्बाजानी हे नाव घेतलं. बार्बाजानी म्हणजे गोठ्याच्या माळ्यावर राहणारं पांढऱ्या तोंडाचं घुबड. लहानपणापासून तो बाबांबरोबर काळोखात उठून चीजघरात जायचा, त्यामुळे शाळेत सगळे त्याला घुबडच म्हणत. वेगळं नाव शोधायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत.

अख्ख्या रुबिएराला हे नाव माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या बाबांना.

आमचे बाबा, एव्हारिस्तो, रुबिएराच्या चीजघराचे मुख्य कारागीर. तांब्याच्या कढयांसमोर उभं राहून त्यांचे हात कोपरापर्यंत गोरे झाले होते, वर तोंड मात्र विटेसारखं लाल. आई लढाईच्या दिवसांत गेली. थोरला फेर्मो लढाईतून सुखरूप परत आला आणि मग एका रविवारी मोटारसायकलवरून सेक्किया नदीच्या पुलावर गेला. त्याला पुरून परत निघालो तेव्हा दफनभूमीच्या फाटकातच बाबांनी लेआर्कोचा दंड धरला आणि म्हणाले, "तू चाकावर बसून मेलास, तर दुसऱ्या दिवशी मला कढईत शोधा." बाबा उगाच बोलणाऱ्यांतले नव्हते. बोलायचे तेव्हा ते करायचे.

मी तेव्हा नेरिओ काताब्रिगाच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटा शिवत होते. त्या जागी पूर्वी बैलगाड्यांची चाकं बनत. लढाई संपल्यावर बैलगाड्या कमी झाल्या, आणि आमच्या भागातल्या माणसांना एकदम शर्यतीच्या गाड्या करायचं वेड लागलं. मोदेनाच्या मोठ्या लोकांच्या लाल गाड्यांबद्दल आता सगळं जग बोलतं. पण तेव्हा दर दोन-तीन गावांमागे नेरिओसारखा एखादा असायचाच. छोट्या फियाटचं इंजिन घ्यायचं, उघडून त्याचं सगळं बदलायचं, लढाईतल्या मोडक्या विमानांचा पत्रा मिळेल तिथून आणायचा आणि होडीसारखी उघडी, दोन माणसांची गाडी करायची. पत्रा ठोकायला दोन भाऊ यायचे. एक डावी बाजू ठोकायचा, दुसरा उजवी. नकाशा-बिकाशा काही नाही; वाळूची पिशवी, लाकडाचा ओंडका आणि हाताचा तळवा. गाडी पुरी झाल्यावर समोरून पाहिलं की तिचा डावा गाल उजव्यापेक्षा जरा भरलेला दिसायचा. कोणी बोट दाखवलं तर नेरिओ म्हणायचा, "आधी आरशात स्वतःचं तोंड बघून ये."

लेआर्को संध्याकाळी मला घ्यायला म्हणून यायचा आणि गाडीशेजारी उकिडवा बसून राहायचा. एके दिवशी तो चालवायला बसला. नेरिओ त्याच्याबरोबर नदीकाठच्या रस्त्यानं जाऊन आला आणि उतरल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "आर्जिया, याच्या मापाची सीट शीव." त्यातच मला कळलं.

"ताई, एकदाच," लेआर्को मला घरी जाताना म्हणाला. "हजार मैलांची शर्यत. आपल्या दारावरून जाते ती. एकदा आतून बघू दे."

"एकदाच म्हणूनच फेर्मोनं मोटारसायकल घेतली होती."

"मी फेर्मो नाही. मी भित्रा आहे."

"भित्रा असतास तर देवाचे उपकार झाले असते."

"आणि तू नाही म्हणालीस तर मी काय, जाणार नाही का? फक्त सीट दुसऱ्या कोणाच्या मापाची असेल."

भावाच्या पाठीचं माप माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मी शिवली. घोड्याचे केस भरले, कमरेपाशी जास्त दाबून.

शर्यत ब्रेशाहून शनिवारी रात्री सुटायची. पूर्वेच्या किनाऱ्यानं खाली रोमपर्यंत, तिथून वर फ्लोरेन्स, फुताचा घाट, बोलोन्या आणि मग आमच्या सरळसोट एमिलिया रस्त्यानं परत ब्रेशा. छोट्या गाड्या सगळ्यांच्या आधी सोडत. सुटायची जी वेळ, तोच आकडा गाडीवर मोठ्या अक्षरांत रंगवत. त्यामुळे रस्त्याकडेला बसलेल्या कोणत्याही म्हातारीला, हातात विणकाम धरून, कोण वेळेवर आणि कोण मागे पडला ते सांगता यायचं. आमचा आकडा २१४३ होता.

बाबांना सांगितलं होतं की लेआर्को मांतोव्हाला, लष्करातल्या मित्राच्या लग्नाला गेलाय. तसं अगदीच खोटं नव्हतं. मांतोव्हा वाटेत लागायचं.

रविवारीही गाई दूध देतात, म्हणून रविवारीही चीज करावं लागतं. त्या सकाळी लेआर्कोच्या जागी मी कढईशी उभी राहिले.

"लग्न काल होतं ना?" बाबांनी दही फोडता फोडता विचारलं. "आज सकाळपर्यंत काय खातायत तिथे?"

"तिकडे भोपळा भरलेल्या करंज्या करतात, बाबा."

"मांतोव्हावाले! करंजीतसुद्धा भोपळाच भरतात, आणि वर पाहुण्याला दोन दिवस ठेवून घेतात." मग काही वेळानं, "नवरी कशी आहे म्हणाला?"

"बोलला नाही काही."

"म्हणजे बरी नसणार."

चीजचे गोळे फडक्यात बांधून वर काढले की कढईत उरते ती निवळी. तिच्यातली बरीचशी डुकरांना जाते. थोडी मात्र कारागीर बाजूला काढतो, उबेत ठेवतो; ती दिवसभरात आंबते आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधाला तेच विरजण. बाबा ती दांडीच्या उंच डब्यात भरून, घोंगडीत गुंडाळून दाराजवळच्या बाकाखाली ठेवायचे. त्या डब्याला घरातलं कोणी हात लावत नसे. एका पाद्र्यानं एकदा पाय लावला होता, त्याला बाबांनी पाद्री म्हणून सोडलं नव्हतं.

काम आटोपून आम्ही रस्त्यावर गेलो. बाबांना शर्यतीचा राग होता, पण शर्यत बघण्याचा नव्हता. आमच्या भागात असं चालतं. झाइराकाकूच्या बारसमोर सगळं गाव आपापल्या घरच्या खुर्च्या घेऊन बसलं होतं. वळणावर गवताच्या पेंढ्या रचलेल्या, खिडकीत रेडिओ. नेरिओ उस्ताद एका टोकाला उभा होता, पायाशी हत्यारांची पेटी, तोंडात न पेटवलेली सिगारेट. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यामुळे सारखं बघत होतो.

छोट्या गाड्या येऊ लागल्या. डासासारखा आवाज लांबून यायचा, मग एकदम कानाजवळ, मग संपला. बाबा प्रत्येकावर मत द्यायचे.

"हा गिअर खरडतोय. दुधात पाणी घालणाऱ्याचा मुलगा असणार."

"अहो एव्हारिस्तो, तुम्हाला सायकल धड चालवता येत नाही," झाइराकाकू म्हणाली.

"गाय व्हावं लागतं का दूध कळायला?"

लोक हसले. मी पण हसले, पण माझे डोळे आकड्यांवर होते. आमच्या आधी सुटलेली गाडी गेली. मग आमच्या मागून सुटलेली गेली. मग तिच्याही मागची. नेरिओनं सिगारेट तोंडातून काढली, पुन्हा घातली. विणकाम करणाऱ्या दोन बायकांनी हात थांबवले. बाबांना सोडून बाकी सगळ्यांना हिशेब कळला होता, आणि सगळ्यांनी एकदम मोठमोठ्यानं हवेबद्दल बोलायला सुरुवात केली.

तेवढ्यात रेडिओवरचा माणूस म्हणाला की फुताच्या घाटात धुकं आहे, आणि बार्बाजानी या नावानं धावणाऱ्या स्पर्धकाची छोटी गाडी रस्ता सोडून खाली गेली आहे. चालकाची काहीही माहिती हाती आलेली नाही. पुढे तो मोठ्या गाड्यांबद्दल बोलू लागला.

नेरिओनं पेटी तिथेच सोडली आणि घाटातल्या पोलिसांकडूनच कळावं म्हणून तो सायकल काढून पोलीस चौकीच्या फोनकडे निघून गेला.

"काय झालं?" बाबांनी आजूबाजूला बघितलं. "तोंडं का पाडलीत? ओळखता काय याला?"

"नाही बाई," झाइराकाकू म्हणाली. "असेल कुठला तरी. मिलानचा असेल."

"मिलानवाल्यालासुद्धा बाप असतो." बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्या बापाला कोणी सांगितलं असेल का गं? का तो पण कुठे असाच बसलाय खुर्ची टाकून, वाइन पीत, लोकांच्या पोरांना नावं ठेवत?"

मला नाही सोसलं. मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि सांगितलं, "बाबा, तो बार्बाजानी म्हणजे आपला लेआर्को."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि एकेकानं मान खाली घातली.

"सगळ्यांना ठाऊक होतं," ते म्हणाले. विचारलं नाही, फक्त म्हणाले. ग्लास खुर्चीखाली नीट ठेवला, सांडू नये म्हणून. टोपी घातली आणि चीजघराच्या पायवाटेनं चालू लागले.

मी मागे धावले. ते धावत नव्हते, तरी माझ्यानं त्यांना गाठवेना. दफनभूमीच्या फाटकातलं त्यांचं बोलणं माझ्या कानात होतं. मी आत शिरले तेव्हा ते मधल्या कढईच्या काठाला दोन्ही हात धरून उभे होते. मी त्यांच्या आणि कढईच्या मध्ये घुसले.

"बाजूला हो, पोरी."

"नाही होणार."

"कढई घासायची राहिलीय."

"घासलीय, बाबा. सकाळी मीच घासलीय."

"मग तुझी नीट झाली नाही." त्यांनी ब्रश घेतला आणि लखलखीत तांबं घासायला लागले. मी हलले नाही. ते माझ्या दोन्ही बाजूंनी हात घालून घासत राहिले. त्यांचा श्वास माझ्या केसांवर लागत होता. आम्ही दोघंही रडलो नाही. रडण्यासाठी आधी खात्री लागते, आणि ती कोणीच आणून देत नव्हतं.

मग तो आवाज आला. मी दोन महिने त्याच आवाजाशेजारी बसून टाके घातले होते, मला तो शंभरांत कळला असता. पण आवाजात काहीतरी वाईट होतं, खोकल्यासारखं. मागच्या अंगणात चाकं घासत थांबली आणि कोणीतरी दबक्या आवाजात ओरडलं, "ताई! ताई, आहेस का? पाणी दे लवकर, बाबा रस्त्यावर आहेत तोवर!"

बाबा हातातल्या ब्रशासकट दारात गेले.

लेआर्को गाडीतून अर्धा बाहेर आला होता. तोंड काजळीनं काळं, चष्म्याच्या जागी दोन पांढरी वर्तुळं, डोळे तांबारलेले. खरोखरच घुबड. गाडीचं नाक एका बाजूनं आत गेलेलं, त्यात चेस्टनटची पानं अडकलेली, आणि सगळ्यातून वाफ निघत होती. बाबांना पाहून तो होता तसाच, एक पाय आत, एक बाहेर, थांबला.

मग बाबांनी विचारलं, "लग्न कसं झालं?"

"झालं," लेआर्को म्हणाला. "चांगलं झालं."

"आणि नवरी?"

"नवरी... नवरी बरी आहे. नाकातून जरा गळतेय."

बाबा पुढे गेले. मला वाटलं, मारणार. त्यांनी ब्रश खाली टाकला आणि दोन्ही हातांनी लेआर्कोला चाचपायला सुरुवात केली. डोकं, मान, खांदे, बरगड्या, एकेक करून, नुकत्याच जन्मलेल्या वासराला चाचपतात तसं.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"बाबा, गुदगुल्या होतात."

"रेडिओवर तू गेलास."

"मी? कधी?" लेआर्कोनं माझ्याकडे बघितलं, आणि माझं तोंड बघून त्याचा चेहरा उतरला. "धुकं होतं, वळण दिसलं नाही. झाडानं अडवलं. लाकूडतोड्यांनी ढकलून वर काढलं, मला काही लागलं नाही. फक्त रेडिएटरला फट गेलीय. बारीक आहे, पण पाणी टिकत नाही. प्रत्येक गावच्या हौदावर थांबत आलोय. इथे म्हटलं, कोणी नसेल..."

"इथे कोणी नसेल," बाबा म्हणाले.

मी बादली घेऊन नळाकडे वळले.

"थंड नको, ताई! इंजिन तापलंय, तडकेल. कोमट हवं."

मी चुलीकडे बघेपर्यंत बाबा आत जाऊन बाहेरही आले. हातात काहीतरी जड होतं. लेआर्कोनं फडकं धरून झाकण उघडलं, वाफेचा लोट गेला, आणि बाबा हळूहळू ओतू लागले; एक थेंब बाहेर नाही, जन्मभर ओतण्याचंच काम केलेला हात. लेआर्कोनं झाकण लावलं आणि इंजिन सुरू केलं. आम्ही तिघं वाकून नाकाखाली बघत राहिलो. टप, टप, टप.

मला घोंगडी दिसली. दाराच्या उंबऱ्यात पडली होती. ती तिथे का, याचा मी विचार करत होते तोच वास आला. तो वास आमच्यापैकी कोणालाही झोपेतसुद्धा कळला असता. निवळी पुन्हा तापवली की तिच्यावर पांढरा मऊ साका धरतो, त्याचा वास. रिकोत्ताचा वास.

टप... टप. मग नुसताच ओला डाग. मग तोही थांबला; साक्यानं फट बुजवली होती.

बाबांनी फटीवरून बोट फिरवलं, त्यावरचा पांढरा कण जिभेवर ठेवला.

"आंबट आहे जरा," ते म्हणाले. "पण धरलाय."

"बाबा," लेआर्कोनं विचारलं, "तुम्ही ओतलंत काय?"

बाबांनी हातातल्या डब्याकडे बघितलं. तो डबा हातात कसा आला हे त्यांना कोणी सांगावं, अशा नजरेनं बघितलं. चीजघरात त्या घडीला कोमट असं एकच होतं, आणि हात आपोआप तिकडे गेला होता.

"विरजण."

"उद्याचं?"

"मग काय परवाचं?" बाबा ओरडले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं ओरडणं. ओरडणारे बाबा म्हणजे आमचे नेहमीचे बाबा. मी भिंतीला टेकून हसायला लागले. लेआर्कोही हसला. मग त्यानं डोक्यावरची कातडी टोपी काढली.

"मी इथेच थांबतो, बाबा. गाडी आत ठेवतो. उस्तादला सांगेन, पाणी टिकलं नाही."

"टिकलंय ना."

"टिकलंय. पण मी थांबतो."

बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले. सीटवर हात दाबून बघितला. "ही कोणी शिवली?" मी हात पाठीमागे नेले. त्यांनी मान हलवली.

"मी तुला आज थांबवलं तर तू पुढच्या वर्षी दुसरं नाव घेशील," ते लेआर्कोला म्हणाले. "मग मी रेडिओवर कोणाकोणाची नावं ऐकत बसू? प्रत्येक मेलेला माझाच?"

बाबांनी गाडीच्या नाकात अडकलेली चेस्टनटची पानं उपसून टाकली.

"अर्ध्यात उतरवलेली कढई मी कधी बघितलेली नाही. जा, पुरी करून ये. पोचलास की आधी झाइराकडे फोन कर, आंघोळ नंतर. आणि गाडी फार वेळ उभी करू नकोस कुठे. निवळी थंड झाली तर साका सुटेल."

"बाबा, मी..."

"निवळी थंड होतेय!"

तो गेला. अंगणातून, पायवाटेच्या कडेनं, पुन्हा मोठ्या रस्त्यावर. बारसमोरून मोठा गलका उठला, तो आम्हाला इथवर ऐकू आला. खुर्च्या पडल्याचाही आवाज आला. बाबा पायरीवर बसले. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी शेजारी बसले. मग त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "गाउदेंझिओकडे जावं लागणार."

गाउदेंझिओ म्हणजे सान फाउस्तिनोच्या चीजघराचा कारागीर. बाबांचा आणि त्याचा अबोला इतका जुना होता की कशावरून ते दोघांनाही आठवत नव्हतं. पण विरजण नसेल तर उद्याचं सगळं दूध वाया. आम्ही सायकली घेऊन गेलो. तो अंगणात पाय पाण्यात सोडून बसला होता.

"एव्हारिस्तो? माझ्या दारात? पोप गेला की काय?"

"विरजण हवंय."

"तुला? तुझं कुठं गेलं?"

"इंजिनात."

गाउदेंझिओनं माझ्याकडे बघितलं, बापाला ऊन लागलंय का अशा नजरेनं. मी सगळं सांगितलं. त्याचे पाय पाण्यातून बाहेर आले, मग तो हसून हसून लाल झाला, मग त्यानं डोळे पुसले आणि आत जाऊन डबा भरून आणला. "घे. पण तुझं चीज उद्या पहिल्यांदा चांगलं होईल, लोकांना काय सांगशील?" बाबांनी ते ऐकून घेतलं. इतर कोणत्याही दिवशी डबा त्याच्या डोक्यावर पालथा झाला असता.

परत आलो तर बारमध्ये नेरिओ माझी वाट बघत होता. सान फाउस्तिनोहून ही गोष्ट फोननं आमच्या आधीच पोचली होती. चौकीचा फोन लागायला इतका वेळ गेला की तेवढ्यात गाडी त्याच्या पाठीमागून निघूनही गेली होती.

"माझ्या रेडिएटरमध्ये काय ओतलंत म्हणे?"

"विरजण," बाबा म्हणाले.

नेरिओनं डोकं धरलं. "अहो, नळ्या बारीक असतात त्यातल्या! आत सगळं घट्ट झालं तर पाणी फिरणार नाही. इंजिन जाम होईल. जोरात असताना जाम झालं तर..." तो माझ्याकडे बघून थांबला.

बाबांचा हात डब्याच्या दांडीवर घट्ट झाला. पुढचं सगळ्यांना तसंच कळलं. पार्मा, पियाचेन्झा, क्रेमोना, मांतोव्हा. एवढा सगळा रस्ता अजून उरला होता, आणि तो सगळा सरळ, म्हणजे सगळा जोरात.

मोठ्या गाड्या येऊन गेल्या. कोण पहिला, कोण दुसरा, मला काही आठवत नाही. रेडिओ चालूच होता, पण छोट्या गाड्यांबद्दल तो काही बोलेना. लोकांनी घरी जायला हवं होतं, रविवारचं जेवण घराघरांत गार झालं असेल, पण कोणी उठलं नाही. झाइराकाकूनं न विचारता तळलेल्या पोळ्या आणि डुकराच्या मांसाचे काप फिरवले. बाबांनी ताटाला हात लावला नाही. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी खुर्ची आत, फोनच्या शेजारी नेली आणि डबा मांडीवर घेऊन बसले. नेरिओ दारात उभा राहून तोंडातल्या तोंडात नळ्या मोजत होता.

एकदा फोन वाजला. सगळे उभे राहिले. कोणीतरी बर्फ हवा म्हणून केला होता. झाइराकाकूनं त्याला त्याच्या आईवरून असं काही ऐकवलं की तो माणूस नंतर वर्षभर बारमध्ये आला नाही.

उन्हं खिडकीतून आत येऊन बाबांच्या बुटांपर्यंत पोचली होती तेव्हा तो पुन्हा वाजला. झाइराकाकूनं उचलला. ऐकलं. तिनं तोंडावर हात ठेवला. मग तिनं हात काढला आणि ती रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "पोचला! ब्रेशात आहे! अख्खा!"

माणसं टेबलांवर चढली. नेरिओनं मला उचललं आणि खाली ठेवायचं विसरला. त्या गोंधळात झाइराकाकूनं फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. पलीकडून लेआर्को "बाबा? बाबा, आहात का?" म्हणत होता, ते मला शेजारी ऐकू येत होतं. बाबांच्या तोंडून शब्द निघेना. बार हळूहळू शांत झाला.

"बोला की, एव्हारिस्तो," कोणीतरी म्हणालं.

बाबांनी विचारलं,

"जेवलास का?"

पलीकडे लेआर्को काहीतरी म्हणाला.

"मग आधी जेव. गाडीला वास येतो म्हणतात? येणारच. येऊ दे." पलीकडून आणखी काही आलं. "नाही, रागावलो नाही. उद्या रागावेन. सकाळी दूध येईल, त्याच्या आत ये."

त्यांनी फोन झाइराकाकूच्या हातात दिला आणि मांडीवरचा डबा मला. मग ताट पुढे ओढलं, गार झालेली पोळी हातानं मोडली, आणि एकामागून एक सगळ्या खाल्ल्या.